अदिबाचा पासपोर्ट, अब्बांचा डबा

"पासपोर्टाला हात लावायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

हा नियम अदिबाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पहिलीत होती. रियाधला बत्हा भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, तिने कपाटातलं एक निळं पुस्तक काढून त्याच्या कोऱ्या पानावर हिरव्या पेन्सिलने मासा काढला होता. मासा चांगला जमला होता म्हणतात. पण त्यापायी नवा पासपोर्ट काढावा लागला, अब्बांना तीन दिवस कामावरून रजा घ्यावी लागली, आणि घरात हा नियम झाला.

माशाचा पासपोर्ट माझ्या आधीचा. मी अदिबा अठरा वर्षांची झाल्यावर निघालो. मी अदिबाचा पासपोर्ट, आणि हे सगळं मी तिच्या मुठीतून सांगतोय. मूठ घामेजली आहे. माझं कव्हर ओलं झालंय, पण माझी तक्रार नाही. या मुठीत यायला मला सहा वर्षं लागली, आणि त्यातला बराचसा काळ मी अंधारात काढला.

माझी पानं नाशिकला छापली गेली. छत्तीस पानं, निळं कव्हर, वर सोनेरी सिंह. आत सुरुवातीलाच राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती आहे: ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांनी या धारकाला कोणताही अडथळा न आणता जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत करावी. मी नवा कोरा होतो तेव्हा मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द आहे, मग अडवणार कोण? ती विनंती परक्या देशातल्या साहेबांसाठी असते, हे मला उशिरा कळलं. घरच्यांसाठी कोणी काही छापत नाही.

एका पानावर अदिबाचा फोटो आहे. डोक्यावर ओढणी, मिटलेले ओठ, आणि फोटोवाल्याने "हसू नका" म्हटल्यामुळे रागावलेले डोळे. शेवटच्या पानावर अब्बांचं नाव मोहियुद्दीन, अम्मीचं नाव खुर्शीद, आणि राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या घराचा पत्ता. त्या घरात अदिबा सगळे दिवस मिळून चार महिनेसुद्धा राहिलेली नाही.

रियाधच्या पासपोर्ट केंद्रात खिडकीतल्या माणसाने मला तिच्या हाती दिलं. तिने मला उघडलं, नाकाशी धरलं, प्रत्येक कोरं पान उलटून पाहिलं. गाडीपाशी पोचेपर्यंतच मी तिचा होतो. तिथे अब्बांनी तळहात पुढे केला.

"आण गो."

"माझा आहे ना, अब्बा?"

"तुझाच आहे. म्हणून तर नीट ठेवतो."

नीट ठेवणं म्हणजे डबा. बिस्किटांचा मोठा, गोल, निळा पत्र्याचा डबा. गल्फमधल्या घरांत असे डबे असतातच. कुणी त्यात सुईदोरा ठेवतं, कुणी औषधं. आमच्या डब्यात घरातले सगळे पासपोर्ट होते, रबरबँडने बांधलेले. डबा लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली अब्बांच्या कमरेच्या साखळीला. कुणी भारतात जाऊन आलं की घराच्या दारातच, चपला काढायच्या आधी, पासपोर्ट अब्बांच्या तळहातावर ठेवायचा. मग सलाम, मग पाणी, मग गळाभेट. मला वाटायचं सगळ्या घरांत असंच चालतं.

डब्यात माझ्याखाली अब्बांचा एक जुना पासपोर्ट होता. रद्द झालेला, कोपरा कापलेला, पानं पिवळी पडलेला. त्याने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "किती दिवस झाले?"

"सहा," मी म्हणालो.

"मी दहा वर्षांचा होऊन संपलो, त्यातली सात कफीलच्या तिजोरीत काढली."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर माणूस इथे कामाला येतो तो मालक. अब्बा एकविसाव्या वर्षी इथे आले ते हाइलजवळच्या एका गव्हाच्या शेतावर, पाण्याचे पंप दुरुस्त करायला. उतरल्या उतरल्या कफीलने सगळ्या कामगारांचे पासपोर्ट गोळा केले. हरवतील म्हणाला. सुरक्षित राहतील म्हणाला. सहाव्या वर्षी गावाहून तार आली, आई फार आजारी आहे. अब्बा रोज सकाळी कफीलच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि कफील रोज एकच शब्द बोलायचा: बुकरा. म्हणजे उद्या. तसे अडतीस उद्या गेले. अब्बा गावी पोचले तेव्हा आईला दफन करून महिना उलटला होता. चाळिसाव्याचं जेवण तेवढं त्यांना मिळालं.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. दर ईदला, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन, अब्बा ती सांगायचे आणि सांगता सांगता थांबायचे. मग अम्मी विषय बदलायची.

"मग तेच आता आपल्याला डब्यात का ठेवतात?" मी त्या जुन्याला विचारलं.

त्याने आपली पिवळी पानं मिटून घेतली. कापलेल्या कोपऱ्याचं त्याला फार वाटायचं.

अदिबा पुण्याला वास्तुरचना शिकायला गेली तेव्हा मीही गेलो, पण पनवेलपर्यंतच. विमानतळावर तिचे मामू मला घ्यायचे आणि त्यांच्या कपाटात ठेवायचे. मुलगी पुण्यात, पासपोर्ट पनवेलला. तिने सुट्टीत एकदा विचारलं, "मामू, मी हॉस्टेलमध्ये हजार गोष्टी सांभाळते, हा एक का नाही?" मामू म्हणाले, "तुझ्या अब्बांची अमानत आहे." मी कुणाकुणाची अमानत होतो याची यादी लांब होती. तिचं नाव त्या यादीत नव्हतं.

तिच्या शेवटच्या वर्षी अब्बा फोनवर म्हणाले, "पहिल्या वर्गात आलीस तर मागशील ते देईन." त्यांना वाटलं, सोन्याची साखळी मागेल. ती पहिल्या वर्गात आली आणि तिने बेल्जियम मागितलं.

त्याला कारण होतं श्रुती. रियाधच्या भारतीय शाळेत दोघी बारा वर्षं एका बाकावर बसल्या होत्या. श्रुतीचे वडील राजाभाऊ पुण्याचे, इथे एका पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर. श्रुती पुढे शिकायला बेल्जियममधल्या लुव्हेन गावी गेली होती आणि तिथून रोज लिहायची: सकाळी इथे नाश्ता कर, दुपारी दुसऱ्या देशात जेव, संध्याकाळी परत ये, कुणी विचारत नाही.

"कुणी विचारत नाही म्हणजे?" अब्बांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सीमा आहे का चेष्टा?"

पण दिलेला शब्द मागे घ्यायची कोकणी माणसाला लाज वाटते. त्यांनी व्हिसाचे कागद भरले. सौदीबाहेर जाऊन परत यायची परवानगी घरच्या माणसांना अब्बांच्याच फोनवरून निघते, तीही त्यांनी काढली. एक अट घातली: अम्मी बरोबर जाईल आणि दोन्ही पासपोर्ट अम्मीच्या पोटाशी बांधलेल्या पाकिटात राहतील.

असा मी ऑक्टोबर महिन्यात, दहा दिवसांसाठी, डब्याबाहेर पडलो.

ब्रसेल्सच्या विमानतळावर एका माणसाने माझ्या नवव्या पानावर शिक्का मारला. चौकोनी, कोपऱ्यात विमानाचं चिमुकलं चित्र. भारत-सौदीचे शिक्के माझ्यात होतेच, पण तिसऱ्या देशाचा पहिला शिक्का कसा लागतो ते सांगता येत नाही. आता हे पान तर भरलं, दहा दिवसांत पाच देश, म्हणजे पाच शिक्के तरी नक्की, असा मी मनातल्या मनात हिशेब केला.

दुसरा एकही लागला नाही.

लुव्हेनच्या वसतिगृहात एका मुलीने माझ्यावरून नाव उतरवून घेतलं, तेवढंच. त्यानंतर मला कोणी विचारलंच नाही. मी पाकिटात, अम्मीच्या भाकऱ्यांच्या पिशवीला चिकटून. अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेतली होती, परक्या मुलखात हलाल मिळेल न मिळेल म्हणून. चटणीची डबी दुसऱ्याच दिवशी आगगाडीत सांडली. तो वास माझ्या पानांत अजून आहे. अँटवर्पच्या गाडीत समोरची बाई उठून दुसरीकडे बसली तेव्हा अम्मी म्हणाली, "बसू दे. आपण त्यांचं चीज नाही का सहन करत?" श्रुतीसकट तिघी इतक्या हसल्या की तिकीट तपासनीसही हसला.

मला मात्र राग येत होता. आखेनला जर्मनी आली, गाडी थांबली, दार उघडलं, माणसं उतरली. लक्झेंबर्गला तर बसचं तिकीटसुद्धा कोणी मागितलं नाही. तिथे बस फुकट असते हे अम्मीला पटेना, ती सुट्टे पैसे हातात धरून ड्रायव्हरच्या मागे लागली. फ्रान्समधलं लील शहर ब्रसेल्सहून पाऊण तासात आलं. आणि मी? ज्याच्यासाठी माणसं रांगा लावतात, फोटो काढतात, रात्रंदिवस चिंता करतात, तो मी पोटावर बांधलेला कागद झालो होतो.

माझा राग बार्लेला उतरला.

बार्ले हे बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरचं गाव नाही. सीमा त्या गावातून वाट्टेल तशी हिंडते. फूटपाथवर पांढऱ्या फुल्या, फुल्यांच्या एका बाजूला बी, दुसऱ्या बाजूला एनएल. फुल्या रस्ता ओलांडतात, दुकानात शिरतात, मागच्या दाराने बाहेर पडतात. एका घराच्या दारातूनच सीमा गेलेली, म्हणून त्या दाराला दोन देशांचे दोन घरनंबर. एक म्हातारी त्या फुल्यांवरून भाजीची पिशवी घेऊन चालली होती आणि तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

चहाच्या दुकानाबाहेर अम्मी खुर्चीवर बसली. सीमा तिच्या खुर्चीखालून जात होती.

"मावशी, तुमचा डावा पाय बेल्जियममध्ये आहे," श्रुती म्हणाली. "उजवा नेदरलँड्समध्ये."

अम्मीने दोन्ही पाय बघितले. मग उजवा उचलून डाव्याशेजारी ठेवला. मग परत तिकडे नेला. तीनदा. "यांना आणायला हवं होतं," ती म्हणाली. "ह्यांनी इथेसुद्धा डबा शोधला असता."

तेवढ्यात फोन वाजला. अब्बा रोज याच वेळी फोन करायचे आणि कशा आहात विचारायच्या आधी विचारायचे, "पासपोर्ट आहेत ना?"

"आहेत," अम्मी म्हणाली. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फुल्यांकडे बघत राहिली. मग तिने ओढणीखाली हात घालून पाकीट उघडलं, मला बाहेर काढलं आणि अदिबासमोर धरलं.

"धर तुझा. परत जाईपर्यंत राहू दे तुझ्याकडे."

"आणि तुझा?"

"माझं काय गो. तीस वर्षांत मी तो उघडून पण बघितला नाही." पण तिने तोही काढला, उघडला आणि स्वतःचा फोटो बघून म्हणाली, "कोण ही बाई?"

पुढचे पाच दिवस मी अदिबाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतो. तिच्या छातीचे ठोके मला ऐकू यायचे. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे भेटतात त्या व्हाल्सच्या टेकडीवरच्या दगडाभोवती तिने पाच फेऱ्या मारल्या, म्हणजे आम्ही पंधरा देश केले. गेंटला कालव्याच्या काठी बसून तिने मला उघडलं आणि राष्ट्रपतींची विनंती श्रुतीला मोठ्याने वाचून दाखवली. "कोणताही अडथळा न आणता," ती पुन्हा म्हणाली. शिक्के न लागल्याचं दुःख मला तेव्हा उरलं नव्हतं. मला कोणी विचारत नव्हतं कारण तिला कोणी विचारत नव्हतं. पासपोर्टाचं यापेक्षा भलं काय असतं?

लुव्हेनमध्ये ती श्रुतीबरोबर विद्यापीठात गेली. नगररचना शिकवणाऱ्या एका बाईंनी तिच्या वहीतली चित्रं बघितली. बत्ह्याची चित्रं होती ती: हॉटेलांच्या पाट्या, टॅक्सीवाल्यांची गर्दी, शुक्रवारी चौकात जमणारी माणसं. बाई म्हणाल्या, अर्ज कर.

ब्रसेल्सच्या विमानतळावर परत निघताना अम्मीने हात पुढे केला. "आता दे. ह्यांनी विचारलं तर?" अदिबाने मला दिलं. अम्मीने मला पाकिटात घालताना तिच्याकडे बघितलं नाही.

रियाधच्या घरी, दारात, चपला काढायच्या आधी, आम्ही अब्बांच्या तळहातावर गेलो. मग सलाम, मग पाणी. डब्याचं झाकण लागलं.

"काय बघितलंस?" जुन्याने विचारलं.

"फुल्या," मी म्हणालो. त्याला काय कळणार.

एप्रिलमध्ये लुव्हेनहून पत्र आलं. दोन वर्षांचा अभ्यास, फी माफ, वर राहण्याचा खर्च, सप्टेंबरपासून. जुलै संपायच्या आत विद्यार्थ्याच्या व्हिसाचा अर्ज जायला हवा, आणि अर्जासाठी मी हवा, स्वतः, कागदी, दोन पुठ्ठ्यांसकट. हे मला कळलं कारण अदिबा कपाटासमोर उभी राहून अब्बांना सांगत होती आणि पत्रा पातळ असतो.

"रियाधमधल्या व्हिसा केंद्रात दोन जूनची वेळ मिळालीय, अब्बा. त्या दिवसापुरता द्या. तुम्ही बरोबर चला हवं तर."

"बघू," अब्बा म्हणाले.

त्या शुक्रवारी गफूरचाचा आले. अब्बांचे थोरले भाऊ, बत्ह्यात त्यांची खानावळ आहे. मोठ्यांची बैठक आमच्याच खोलीत भरली, त्यामुळे मी शब्द न् शब्द ऐकला.

"पोरगी शिकली. युरोप बघून आली. आता खलास," गफूरचाचा म्हणाले. "हाशिरकडचे विचारतायत. दम्माममध्ये चांगली नोकरी आहे त्याला, आपल्याच खाडीकडचा आहे. आणखी दोन वर्षं तिकडे गेली तर परत कशाला येईल?"

"मी इथेच आहे, चाचा," दारातून अदिबाचा आवाज आला. "माझ्याबद्दल बोलताय तर माझ्याशी बोला."

"ही बघ. आतापासूनच."

"मुलीला विचारा तरी," अम्मी म्हणाली, पण इतक्या हळू की मला पत्र्याला कान लावावा लागला.

"विचारायचं काय त्यात?" चाचा म्हणाले. "तुला विचारून लावलं होतं का लग्न?"

अम्मी उठली. कपबश्या उचलल्याचा आवाज आला.

एक जूनला सकाळी अदिबा पुन्हा आली. "अब्बा, उद्या माझी वेळ आहे."

साखळीचा आवाज झाला. किल्ली त्यांच्या हातात होती. मला वाटलं, आता लागते कुलपाला. मग साखळी परत कमरेला गेली.

"आज घाई आहे. बुकरा."

माझ्याखालचा जुना शहारला. खरंच शहारला, त्याची सुटी झालेली पानं माझ्या पाठीला लागली. अब्बांना तो शब्द ऐकू आला का, मला माहीत नाही. तीस वर्षं बोलून माणसाला स्वतःचे शब्द ऐकू येईनासे होतात.

दोन जून गेला. तीन, चार, पाच. सगळे बुकरा झाले. अदिबा दुपारी घरात कोणी नसताना कपाटाशी येऊन बसायची. एकदा तिने केसांची पिन कुलपात घालून बघितली; पिन आत मोडली आणि तिने ती चिमट्याने काढली तेव्हा तिचं बोट कापलं. एकदा तिने नुसता तळहात दाराला लावून ठेवला. "आत आहेस ना?" ती म्हणाली. "मला सगळं देतील. नवरा देतील, दागिने देतील. तू तेवढा देणार नाहीत." मी ओरडलो. कागदाचा आवाज तो केवढा.

माझ्यात अजून सत्तावीस कोरी पानं होती. ती मी मोजायचो. प्रत्येक बुकरासरशी मला ती जड होत चालली होती. जुन्याने सांगितलं, त्याच्यात तेवीस कोरी होती जेव्हा त्याचा कोपरा कापला.

जुलैत डबा उघडला. उजेड आला, अब्बांचा हात आला आणि रबरबँड सुटला. हाशिरशी ठरवलेल्या निकाहासाठी गावी जायचं होतं. वीस तारीख ठरली होती. सौदीतून जाऊन परत यायची परवानगी अब्बांनी स्वतःच काढली, तिकिटं स्वतःच घेतली. अदिबाने एकदाही विरोध केला नाही. अब्बांना वाटलं, समजली. अम्मीला तसं वाटलं नाही. ती लेकीकडे चोरून बघत होती.

विमानतळावर घरातले तिन्ही पासपोर्ट अब्बांच्या छातीशी, एका चामड्याच्या पाकिटात. पण पासपोर्ट तपासायच्या काचेपाशी प्रत्येकाला आपापला घेऊन उभं राहावं लागतं, तो काही अब्बांचा नियम नाही. अब्बांनी पासपोर्ट वाटले. आधी गफूरचाचा गेले, मग अब्बा, मग अम्मी. शेवटी अदिबा. काचेमागच्या तरुण अधिकारी बाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मला तिच्याच हातात दिलं.

पलीकडे तिघं थांबले होते. अब्बांनी नेहमीसारखा तळहात पुढे केला होता. चाचांनी आपला स्वतःच्या खिशात घातला होता. तो नियम त्यांना नव्हता. अम्मी आपला द्यायला पुढे झाली होती.

"आण गो," अब्बा म्हणाले.

"नाही."

अब्बांना वाटलं, गोंगाटात ऐकू आलं नाही. "पासपोर्ट दे, अदिबा. हरवेल."

"हरवणार नाही. सतरा तारखेला मुंबईत माझी व्हिसाची वेळ आहे. त्यासाठी हा लागतो. वीस तारखेच्या निकाहाला मी बसणार नाही. हाशिरला मी स्वतः फोन करून सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं. तुमच्यापैकी कोणी ऐकलं नाही, म्हणून इथे उभं राहून सांगतेय."

"काय गो," गफूरचाचा पुढे झाले. "लोक बघतायत. बापाने तुला युरोप दाखवला, त्याची ही परतफेड?"

"त्यांनी दाखवला म्हणूनच मला कळलं, चाचा. तिथे सीमेवरून एक म्हातारी भाजी घेऊन चालली होती. मला घराच्या दारातून पुढे जायला हात पसरावा लागतो."

"मी तुझ्या भल्यासाठी ठेवतो," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत होतं. "बाहेर कसली माणसं असतात तुला माहीत नाही."

अदिबाची मूठ माझ्यावर आवळली. माझ्या नवव्या पानावरचा शिक्का तिच्या अंगठ्याखाली आला.

"अब्बा, दादीच्या मय्यतीला तुम्ही का नव्हतात?"

"आता हा विषय कशाला?" चाचा म्हणाले.

"दर ईदला सांगता ना. आज पण सांगा. तुमचा पासपोर्ट कोणाकडे होता?"

अब्बांनी चाचांकडे बघितलं, अम्मीकडे बघितलं. आजूबाजूने माणसं ढकलगाड्या घेऊन चालली होती.

"कफीलकडे," ते म्हणाले.

"काय म्हणायचा तो?"

अब्बांचे ओठ हलले. तो शब्द ओठांपर्यंत आला आणि मी तो तिथे बघितला. मग त्यांनी तो ऐकला. मला शपथेवर सांगता येईल, आज त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला.

"आणि माझा कोणाकडे असतो, अब्बा?"

मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. आत सुरुवातीला छापलेली एक विनंती आहे, तीच आज माझी. ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांना, घरातल्यांना, कमरेला किल्ल्या बांधणाऱ्यांना, भल्यासाठी कुलूप लावणाऱ्यांना: या धारकाला कोणताही अडथळा न आणता जाऊ द्या. माझ्यात सत्तावीस कोरी पानं आहेत. ती डब्यात जुनी होण्यासाठी छापली नव्हती.

गफूरचाचा एक पाऊल मागे सरले. अम्मीचा हात, आपला पासपोर्ट धरून, अब्बांच्या तळहातावर पोचायच्या आधीच हवेत थांबला होता. अब्बा आपल्या उघड्या तळहाताकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. मुंबईच्या विमानाची सूचना एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. अदिबा मला मुठीत धरून विमानाकडे चालू लागली.